मामांनी बसवलेली सतरा कौलं

माझ्या मामांच्या स्टुडिओत शिरलं की माणूस आपोआप ताठ होतो. मागे निळा पडदा, समोर गोल फिरणारं स्टूल आणि मामांचा तो मधाळ, लांबवलेला आवाज. "हं... खांदे सोडा... सोडा हो, पडत नाहीत ते. आता काहीतरी गोड आठवा. एवढं नाही, पासपोर्ट आहे. अस्सं. हलू नका, हलू नका, हलू नका... हललात."

सव्वीस वर्षं हेच. पण फोटो काढणं हे मामांच्या हिशेबी निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे टचिंग. चष्मा कपाळावर सरकवून ते कॉम्प्युटरसमोर बसतात आणि गिऱ्हाइकाच्या पुटकुळ्या, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकेक करून गायब करतात. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक शिक्का असतो. चांगल्या कातडीवरून रंग उचलायचा, वाईट जागी उमटवायचा. मामा तो इतक्या हळुवार उमटवतात की गिऱ्हाईक फोटो बघून म्हणतं, "मी असाच दिसतो, नाही का?" मामा म्हणतात, "म्हणजे काय!" आणि मूळ फोटो तिथल्या तिथे पुसून टाकतात.

"आधीचं तोंड कुणाला दिसता कामा नये," ते सांगतात. "एकदा एका नवरीला दोन्ही फोटो दिसले. संसार सुखाचा चाललाय तिचा, पण मला बघून रस्ता ओलांडते."

पुढे लोक मोबाईलवर घरच्या घरी, दाराला पाठ लावून पासपोर्टचे फोटो काढायला लागले. स्टूल रिकामं राहायला लागलं. तेव्हा मामांनी ड्रोन आणला. चार पंखांचा, घडी घालता येणारा, पोटाखाली कॅमेरा.

मामी म्हणाली, "सव्वीस वर्षं लोकांना हलू नका म्हणून सांगितलंत. आणि आता हा कॅमेराच हलणारा आणलात?"

"अगं, हवेत एका जागी थांबतो तो. तुझ्या भावापेक्षा स्थिर आहे."

सुट्टीत मी मामांकडेच असते, त्यामुळे ड्रोन उडताना त्याच्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. मामांची नजर रिमोटवरच्या पडद्यावर, माझी आभाळात. मामा ड्रोनशीही गिऱ्हाइकासारखंच बोलतात. "चला, वर चला. सावकाश. थोडं डावीकडे. हं, खांदे सोडा." पंखे वाऱ्यात डगमगले की, "असं नाही करायचं." रिमोटमधून एक बाई इंग्रजीत सांगते की बॅटरी संपत आली. मामा तिला अदबीने उत्तर देतात, "हो ताई, उतरवतोच आहे, दोन मिनिटं." ती पुन्हा तेच सांगते. "अहो ताई, ऐकलं ना एकदा!"

महिनाभर सराव झाला. झाडं झाली, पाण्याची टाकी झाली, मामीचं वाळत घातलेलं धुणं वरून कसं दिसतं तेही झालं. काम मात्र कुणी देईना. आणि मग पहिलं काम आलं ते घरातूनच, म्हणजे मामांच्याच इमारतीतून.

इमारतीला उतरतं कौलारू छप्पर आहे. वर जायला जिना नाही, कौलांवर पाय ठेवायची सोय नाही. चौथ्या मजल्यावर ज्या बाई राहतात, त्या मामांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या झोपायच्या खोलीत तीन बादल्या आणि एक पातेलं मांडलेलं असतं, आणि पलंग दर आठवड्याला जागा बदलतो. सोसायटीचे सेक्रेटरी मानायलाच तयार नव्हते. ते नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्याला 'तसं बघायला गेलं तर' लावतात. "तसं बघायला गेलं तर बाई, पाणी वरूनच येतं कशावरून? खिडकीतून उडत असेल." शेवटी ठरलं की छपराचे फोटो काढायचे, रविवारच्या सभेत दाखवायचे आणि त्यावर मत घ्यायचं. छप्पर फुटकं दिसलं तर दुरुस्ती आत्ता. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

बाईंनी मामांना घरी बोलावून बादल्या दाखवल्या. मामा पन्नाशीचे, तरी हात मागे बांधून उभे.

"चित्रकलेत बरा होतास. बाकी आनंदच होता. फोटो नीट काढ."

"बाई, असे फोटो देतो की लोक बघत राहतील!"

शनिवारी सकाळी ड्रोन चढला. मामांनी बत्तीस फोटो काढले आणि दुपारभर दार लावून बसले. संध्याकाळी मला हाक मारली. "ये गं, बघ कसं झालंय."

मी बघितलं. तांबूस, एकसारखी कौलं, वर निळंशार आभाळ. मी म्हटलं, "एकदम मस्त!" माझंही डोकं तेव्हा कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे.

रविवारी अकराला खालच्या हॉलमध्ये सभा भरली. समोर मोठा टीव्ही. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिला फोटो लागला आणि हॉलभर "अरे वा!" झालं. दुसऱ्याला टाळ्या. मामा मान लववून "छे छे, कसचं कसचं" करत होते.

सेक्रेटरी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. "हे आपलंच छप्पर?"

"आपलंच."

"तसं बघायला गेलं तर... यात दुरुस्त काय करायचं?"

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "अरे, फुटकी कौलं कुठायत?"

"ती... ती काढली, बाई," मामा म्हणाले. "फार वाईट दिसत होती. सतरा होती. चांगल्या कौलांचा शिक्का मारून बसवून टाकली."

"आणि शेवाळं?"

"पुसलं."

"आणि पन्हळ? भिंतीपासून सुटून लोंबतेय ती पन्हळ?"

"ती सरळ केली," मामा पुटपुटले. आणि मग, आपण काय केलंय ते बोलता बोलता कळत गेल्यासारखा, त्यांचा आवाज पार खाली गेला.

मागून कुणीतरी म्हणालं, "गवंड्याला कशाला बोलवता? यांनाच द्या काम!" हॉल फुटला. मामी पदरात हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही.

सेक्रेटरींनी वही उघडली. "तर मग, छप्पर उत्तम स्थितीत आहे, असं लिहून..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मूळ फोटो दाखव रे."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मूळ फोटो! ते तर टचिंग झाल्या झाल्या पुसलेले.

बाईंनी एक श्वास घेतला. वर्गात छडी शोधताना घेत असाव्यात तसा. "सभा संपलेली नाही. जा, आत्ता उडव. ड्रोनमधलं कार्ड काढून तसंच टीव्हीत घाल. मध्ये कॉम्प्युटर नको. आणि कशालाही हात लावायचा नाही."

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "तसं बघायला गेलं तर पंधरा मिनिटं देता येतील."

मामा अंगणात धावले. ड्रोन उघडला तर बॅटरी बावीस टक्के. शनिवारनंतर चार्ज करायचं कुणाला सुचणार, सगळे आभाळ निळं करण्यात गुंतलेले! वाराही सुटला होता. सगळी सभा खुर्च्या सोडून अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, आणि प्रत्येकाला अचानक ड्रोन उडवता यायला लागला.

"डावीकडे घ्या, डावीकडे!"

"जास्त वर नेलाय हो."

"आमच्या भाच्याकडे यापेक्षा मोठा आहे."

पहिल्यांदाच मामा ड्रोनशी एक शब्द बोलले नाहीत. रिमोटमधली ताई बोलायला लागली, तरी तिलाही उत्तर नाही. मी आभाळात बघत ओरडत होते, "मामा, कावळा! मामा, आणखी एक!" कावळे जवळ यायच्या आत त्यांनी ड्रोन छपराच्या कडेवर आणला, कॅमेरा सरळ खाली वळवला, बटण दाबलं आणि ड्रोन उतरवला. उतरताना बॅटरी तीन टक्के होती.

कार्ड टीव्हीत गेलं. एकच फोटो. पण काय फोटो! फुटकी कौलं जबड्यातून दात पडावेत तशी, मध्ये काळी भोकं, हिरवंगार शेवाळं, कुणाची तरी एक चप्पल, आणि भिंतीपासून हातभर सुटलेली पन्हळ. पाणी बाईंच्या पलंगावर कुठून येतं ते आता शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आणि पन्हळीच्या बरोबर खाली, अंगणात, रिमोटवर वाकलेले मामा. वाऱ्याने सगळे केस एका बाजूला उडालेले आणि मधोमध उन्हात चमकणारं, बशीएवढं, गुळगुळीत टक्कल.

मामांना टक्कल आहे हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांनाच तेव्हा कळलं.

हसायचं की मत द्यायचं, लोकांना समजेना. शेवटी दोन्ही एकदम झालं. हात वर गेले आणि खांदे हलत राहिले. दुरुस्ती मंजूर. सेक्रेटरी म्हणाले, "हा फोटो सगळ्या सभासदांना पाठवा आणि दुरुस्तीवाल्यालाही. पुरावा म्हणून."

मामा हळूच बाईंच्या खुर्चीजवळ गेले. "बाई, टचिंग नाही करत. फक्त खालचा कोपरा कापतो. एवढासा."

"कापलास तर पन्हळ जाईल."

"मग नुसता शिक्का. एकच. तिथे फरशी बसवतो."

"तुझ्या डोक्यावर?"

मामांनी हात खिशात घातले. बाहेर राहिले असते तर वळवळले असते. मग त्यांनी फोटो होता तसा चाळीस घरांना पाठवला.

मंगळवारी दुरुस्तीवाला शिडी घेऊन आला. एका हातात मोबाईल. तो फोटोकडे बघायचा, वर बघायचा, पुन्हा फोटोकडे. मामा नेमके दारातच उभे होते. त्याने त्यांना खालून वर न्याहाळलं.

"साहेब, जरा परवा उभे होतात तिथे जाऊन उभे राहता का? पन्हळ तुमच्या डोक्याच्या रेषेत आहे, शिडी चुकायला नको."

मामा गेले आणि अंगणात त्याच जागी उभे राहिले.

"आता मान खाली," दुरुस्तीवाला शिडी लावत म्हणाला. "आणि हलू नका."