अकरा हुक

नाट्यगृहात तिला सगळे चुटकीमावशी म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. गाण्यांच्या एका गाजलेल्या नाटकात तिचं काम एवढंच: दुसऱ्या अंकात नायिका पांढऱ्या झग्यात गात गात डाव्या विंगेत शिरायची, रंगमंचावर बाकीचे नाचत राहायचे, आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत मावशीनं तिला लाल झगा चढवून बाहेर धाडायचं. मध्ये बावीस सेकंद. पाठीला अकरा हुक. एवढ्या वेळात तुम्हाआम्हाला चष्मासुद्धा सापडत नाही.

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. ढोल थांबून ट्रम्पेट वाजलं, की मावशीची बोटं आपोआप चालू लागत. घरी रेडिओवर तसलं काही लागलं तर मावशीचे यजमान आधी भिंतीला पाठ टेकून बसतात, असं तिची सून सांगे. सुनेचं सगळंच खरं मानू नये, पण हे मानायला हरकत नाही.

मग नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, नवा होता इतकंच. म्हणाला, "मावशी, कशाला जिवाचा आटापिटा करता? अर्धं मिनिट दिवे घालवू, ती निवांत कपडे बदलेल. झगा किती झटपट बदलला, ते लोकांच्या लक्षातसुद्धा येत नाही."

मावशीला ते चांगलंच झोंबलं. "म्हणजे एकोणीस वर्षं मी इथं माश्या मारतेय?" असं ती बोलून गेली खरी, पण मनात चरकली. कारण तिला तरी कुठं ठाऊक होतं? ढोलवाले विंगेला खेटून बसत. नायिका बाहेर पडली की ते असे कडाडत, की पलीकडे लोक हसले का झोपले, काही कळायची सोय नव्हती. आणि समोर बसून तिनं नाटक कधी पाहिलंच नव्हतं.

"रविवारी मी समोरून बघते," ती म्हणाली. "नाही कुणाच्या लक्षात आलं, तर मीच सांगेन, घालवा दिवे." दोन रात्री तिला धड झोप लागली नाही.

रविवारी दुपारच्या प्रयोगाला विंगेत सून उभी राहिली. तीही तिथंच शिवणकाम करायची, हात चलाख होता. मावशी नवव्या रांगेत जाऊन बसली. पडदा उघडला आणि ती हरखूनच गेली. मागून नुसती फळकुटं आणि खिळे दिसणारा तो राजवाडा समोरून चक्क सोन्याचा होता. नायिकेला उजवा गालही होता, आणि त्यावर छान खळी पडायची. पहिल्या अंकाच्या शेवटी नायक मेला तेव्हा मावशी घळाघळा रडली. त्याच्या सदऱ्यावरचा रक्ताचा डाग तिनंच सकाळी रंगवला होता, तरी रडली.

दुसऱ्या अंकात ते गाणं सुरू झालं, तशी ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली. पांढरा झगा विंगेत शिरला. ढोल थांबले, ट्रम्पेट वाजलं.

आणि मावशीचे हात उठले. पुढच्या खुर्चीवर एक जाडजूड बाई बसली होती, तिच्या झग्याला पाठीवर हुकांची रांग. मावशी भानावर आली तेव्हा चार हुक सुटले होते. तिनं श्वास रोखला, मान खाली घातली आणि अलगद लावायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथा लागतो न लागतो तोच सगळ्या थिएटरातून एकदम "अगं बाई" असा आवाज निघाला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मावशीनं वर पाहिलं. नायिका लाल झग्यात उभी होती, जशी काही सकाळपासून तोच घालून फिरतेय. सुनेला दोन सेकंद जास्त लागले होते, आणि घरी गेल्यावर मावशी ते बोलून दाखवणारच होती.

पुढची बाई गर्रकन मागे वळली. तिला हुकांचा पत्ताच नव्हता. "पाहिलंत? आत गेली पांढरी, बाहेर आली लाल. कसं करतात हो हे?"

उत्तर मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "कोण जाणे बाई," ती म्हणाली. "मी नेमकी तेव्हा खाली बघत होते."

बाहेर पडताना दारात मॅनेजर भेटला. "काय मावशी, दिसलं का?"

"दिसलं काहीच नाही," डोळे पुसत मावशी म्हणाली. "पण दिवे घालवायचे नाहीत." टाळ्या त्यानंही ऐकल्या होत्या. त्यानं मान डोलावली.

पुढच्या प्रयोगाला ती परत विंगेत, दातांत टाचणी धरून. अकरावा हुक लागला, नायिका बाहेर पळाली, शेजारी ढोल कडाडले. पलीकडचं एक अक्षर ऐकू आलं नाही. मावशीनं टाचणी दातांतून काढली आणि ढोलवाल्यांच्या गोंगाटात, स्वतःशीच, हळूच म्हणाली, "अगं बाई."