व्हिडिओतून काढलेलं एक वाक्य

मी महागावला एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एकदा कॉलेजच्या आवारात धामण निघाली. मी मुलांना तिची माहिती देत होते, ते माझ्या नवऱ्याने मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. तिथून आमच्या व्हिडिओंची सुरुवात झाली. वर्षभरात भाजीबाजारात बाया मला थांबवून विचारू लागल्या, "सापवाल्या म्याडम तुम्हीच ना?"

नवरा व्हिडिओंचा आलेख पाहायचा. लोक कोणत्या सेकंदाला सोडून जातात ते त्याला दिसायचं. "तू 'बहुधा' म्हणालीस की लोक जातात," तो म्हणायचा. "ठाम बोल." मी ठाम बोलायला शिकले. पहिल्याच वाक्यात लोकांना धरायचं, तीस सेकंदांत संपवायचं. ते जमू लागलं तसे ग्रामपंचायतींचे फोन आले, स्टेजवर खुर्ची मिळू लागली. एका फलकावर माझ्या नावापुढे 'सर्पतज्ज्ञ' लिहिलं होतं. त्या फलकाचा फोटो मी आईला पाठवला.

सगळ्यात जास्त चालला तो मण्यार आणि कवड्याचा व्हिडिओ. दोघेही काळपट, दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. मण्यार अतिशय विषारी, कवड्या बिनविषारी. मी सांगितलं होतं की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारचे मानेच्या बरेच मागून सुरू होतात. पुढे एक वाक्य होतं: "पण मण्यारच्या पिल्लाला मानेपासूनही पट्टे असू शकतात, म्हणून साप चावला तर ओळखत बसू नका, सरळ दवाखाना गाठा." त्या वाक्याने व्हिडिओ लांबत होता. नवऱ्याने विचारलं, "हे ठेवायचं?" मी म्हटलं, "काढ."

ऑगस्टमधल्या एका सकाळी प्रॅक्टिकल चालू असताना अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. चौथ्यांदा उचलला.

"म्याडम, मी तांड्यावरून बोलून राह्यली. सासूले पहाटं अंथरुणात साप चावला. तुमच्या व्हिडिओत सांगतलं तसं पाह्यलं आम्ही. पट्टे मानेपासून होते. कवड्याच हाय म्हणून घरीच राह्यलो. पण आता तिच्या पापण्याच उघडून नाही राह्यल्या."

"साप केवढा होता?"

"लहानसा. वीत-दीड वीत."

माझ्या हातातली काचपट्टी मी टेबलावर ठेवली.

"आत्ताच्या आत्ता निघा. त्यांना चालवू नका, काही बांधू नका, कुशीवर निजवा. गाडी आहे?"

"शेजाऱ्याचा ऑटो हाय."

मी सरकारी दवाखान्यात फोन करून मण्यारचा रुग्ण येतोय म्हणून कळवलं, वर्ग सहकाऱ्यावर सोपवला आणि स्कूटर काढली. ऑटो माझ्यानंतर आला. दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून मी किती वेळा घड्याळ पाहिलं असेल, सांगता येत नाही.

म्हातारीला सुनेने आणि ऑटोवाल्याने उचलून आत नेलं. ती काहीतरी बोलत होती, पण जीभ जड झाली होती, शब्द कळत नव्हते. सुनेने मला पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "म्याडम, तुम्ही आल्या. आता फिकर नाही."

डॉक्टरांनी सर्पदंशावरची लस सुरू केली. श्वास कमी होतोय, यवतमाळला न्यावं लागेल, म्हणाले. सुनेसोबत मीही ॲम्ब्युलन्समध्ये चढले. एक माणूस म्हातारीच्या तोंडावरच्या मास्कची पिशवी हाताने दाबत होता. त्याची लय चुकली की आम्हा दोघींचाही श्वास अडकत होता.

आर्णी मागे पडल्यावर सुनेने विचारलं, "कवड्याच असन ना, म्याडम? भीतीनंच असं होऊन राह्यलं असन."

तिला हो म्हणणं किती सोपं होतं. मी म्हटलं, "नाही. ते मण्यारचं पिल्लू होतं."

"पण तुमच्या व्हिडिओत..."

"व्हिडिओत मी अर्धंच सांगितलं."

हातातला मोबाइल तिने मांडीवर पालथा ठेवला आणि यवतमाळ येईपर्यंत सासूचे पाय धरून बसली. मी माझा मोबाइल काढून तो व्हिडिओ पुसला. थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. "तो का काढलास? तोच तर चालत होता." मी कारण सांगितलं.

म्हातारी तीन दिवस व्हेंटिलेटरवर होती. ते तीन दिवस मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, असं सुनेने कळवलं. फोन ठेवून मी कॉलेजच्या जिन्यात बसले आणि रडले.

पुढे एका रविवारी तांड्यावर गेले. म्हातारी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मी तिला सगळं सांगितलं, काढलेल्या वाक्यासकट.

"मंग ते काहून काढलं?" तिने विचारलं.

"लांब होत होतं, आजी. लोक तेवढं थांबत नाहीत."

"कितीक लांब?"

"दहा-बारा सेकंद."

तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने त्यांच्या बंजारा गोरबोलीत समजावलं, दहा सेकंद म्हणजे किती ते. म्हातारी मान हलवत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सून म्हणाली, "म्याडम, आता इथंच बोला. मी आमच्या बोलीत सांगतो. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना तुमची मराठी पुरी समजत नाही."

नव्या व्हिडिओसाठी मोबाइल लावून आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. आधी मी माझी चूक सांगितली, मग साप चावल्यावर काय करायचं ते. सून एकेक वाक्य गोरबोलीत सांगत गेली. काही ठिकाणी माझ्यापेक्षा जास्त बोलली, मी तिला थांबवलं नाही. व्हिडिओ साडेचार मिनिटांचा झाला. पूर्ण पाहणारे थोडेच निघाले. खाली काहींनी लिहिलं, स्वतःलाच कळत नाही तर लोकांना कशाला शिकवता. ते मी तसंच राहू दिलं. गेल्या महिन्यात शेजारच्या तांड्यावरून बोलावणं आलं, ते सुनेला. तिने मला सोबत नेलं.