वळणावरची पळसाची फांदी

यमुनाबाईंनी मला अडवलं, म्हणून आज मी निवांत मनानं हे लिहितोय. अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची चहाची टपरी आहे. मी कोल्हापूरकडचा. शाळा आठवीतच सुटली, आता इकडे चंद्रपूरला अंड्यांची गाडी चालवतो. उशीर झाला तर नोकरी जाईल, ही धास्ती कायम असते.

त्या सकाळी वळणावर गाडीच्या धडकेनं मेलेली चितळाची मादी पडली होती. मेलेलीच आहे, बाजूनं गाडी काढू, असं मी ठरवलं. तेवढ्यात यमुनाबाई पळसाची फांदी हलवत आडव्या आल्या.

“हॉर्न नको वाजवू, बाबू. तिचं पिल्लू गवतात हाय.”

“मावशी, मला उशीर होतोय.”

“अंडे काई उडून नाही जात.”

मी गाडी बंद केली. जिथून मी जाणार होतो, नेमकं तिथंच पिल्लू येऊन उभं राहिलं. आईला हुंगलं, थांबलं, पुन्हा हुंगलं. मग रस्ता ओलांडून कळपाकडे गेलं. आपल्याला रस्ता म्हणजे दोन गावांमधलं अंतर. या जनावरांच्या तर घरातूनच तो गेलाय.

नंतर आम्ही दोघांनी मादीला ओढून झाडीत नेलं. रस्त्यावर ठेवली तर खायला आलेली कोल्हीही गाड्यांखाली चिरडली जातात, असं त्या म्हणाल्या.

उशिरावरून मालक बोलला, पण हातून पाप घडलं नाही. यमुनाबाई, तुमची लेक जंगलापलीकडे दिलीय ना? एक दिवस तुम्हाला माझ्या गाडीतून तिच्याकडे नेईन, अगदी सावकाश.