जांभळा अंगठा

काल कपाट आवरताना ती कादंबरी हाती लागली. उघडली, तर पानांना अजून आमसुलांचा आंबूस वास. कॉलेजात असताना मी तिच्या नायिकेसारखी मान वर करून चालायचे, तिच्यासारखी तोडून बोलायचे, आणि शाळा सोडून दिवसभर अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडणाऱ्या माझ्या शेजारच्या मैत्रिणीलाही मी ते पुस्तक बळेच वाचायला दिलं होतं. मुंबईच्या नोकरीसाठी निघाले त्या मे महिन्यातल्या दुपारी ती मालवणच्या एसटी स्टँडवर आली. डांबर तापून चिकट झालेलं, तिची बोटं जांभळी, एका हातात माझं पुस्तक, दुसऱ्यात आमसुलांची पिशवी. दोन्ही तिनं खिडकीतून आत दिलं नि विचारलं, "माका फोन करशीत मां गो?" जिच्याशी जन्मभर मालवणीत बोलले, तिला मी आरशासमोर घोकलेलं नायिकेचं वाक्य पुस्तकी मराठीत ऐकवलं, "आता आपल्या वाटा वेगळ्या. मागे वळून पाहायची मला सवय नाही." तिनं नायिका लगेच ओळखली, शांतपणे म्हणाली, "पुस्तकातला चेडू फुडच्या पानार रडता. तू खंय रडतलंस, कुडाळाक?" कुडाळ आलं, मुंबईची गाडी मिळाली, मी रडले नाही, आणि फोनही कधी केला नाही. काल ते वाक्य शोधलं. त्याखाली माझ्या पेनाच्या तीन रेघा आहेत. पुढच्या पानावर एकही रेघ नाही, फक्त तिच्या जांभळ्या अंगठ्याचा ठसा. ते पान मी दर वेळी न वाचताच उलटायचे.