दुखवट्याचे रंग

शांततेचा रंग कोणता, हे ठरवण्याचा मला पगार मिळायचा. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमच्या शहरातल्या शालिमार चौकाजवळच्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मासिकांची पानं मांडायचे आणि त्यात एक ध्यानधारणेचं होतं. त्याचे संपादक निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर पोरांवर ओरडून झाल्यावर आता ते कुजबुजत बोलायचे. "भडक काही नको बरं का. मुखपृष्ठ बघताच माणूस आतून गप्प झाला पाहिजे." निळा दाखवला की त्यांना तो औषधाच्या जाहिरातीसारखा वाटायचा, हिरवा दाखवला की बियाण्यांच्या पिशवीसारखा.

रंगांचं मला जे काही कळत होतं, ते आईकडून आलेलं. मेन रोडला साडी घ्यायला गेली की ती घडी उचलून थेट दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघायची. "ट्यूबलाइटखाली सगळेच रंग गोड बोलतात," म्हणायची. दुकानदार कपाळाला हात लावायचा. गर्द जांभळा, मोरपंखी, लालभडक हे तिचे रंग. फिकट रंगाला ती आजारी रंग म्हणायची.

मग वडील गेले. दिवसकार्याला नातेवाइकांनी रीतीप्रमाणे दुखवट्याच्या साड्या आणल्या, सिन्नरहून, पिंपळगावहून, अगदी आमच्या गल्लीतूनसुद्धा. राखाडी, बदामी, धुऊन धुऊन उरल्यासारखा फिकट जांभळा. आईला 'रंग नेसू नकोस' असं कुणीही म्हणालं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, साड्यांनीच सांगितलं. तिनं आपल्या गर्द साड्या बहिणींना आणि भाच्यांना वाटून टाकल्या. वर्ष गेलं. आईचं बोलणं कमी कमी होत गेलं. तिनं पुन्हा एकदा आपल्या आवडीचा रंग नेसावा, एवढंच मला हवं होतं. पण ते तिला सांगायचं कसं, हे कळत नव्हतं.

नव्या वर्षाच्या अंकांचे रंग द्यायची वेळ आली, तेव्हा माझं डोकं पार बंद पडलं होतं. छापखान्यातलं रंगांच्या छटांचं शेडकार्ड घरी आणलं, चाळत बसले आणि बोट आपोआप थांबत गेलं. राखाडी, बदामी, फिकट जांभळा. एकमेकांशेजारी काय सुरेख दिसत होते! ते कुठून सुचले, हा विचारही मनात आला नाही. संपादक खूश. "हेच, हेच," म्हणाले, तेही चक्क मोठ्यानं. पुढे वाचकही सांगू लागले, की अंक हातात घेतला की शांत वाटतं.

छापून आलेला पहिला अंक मी मोठ्या कौतुकानं आईला दिला. ती चष्मा लावून उठली आणि अंक दारात, उन्हात घेऊन गेली. किती महिन्यांनी ती असं करत होती! मी हरखून बघत राहिले. तिनं अंगावरच्या साडीचा पदर पुढे ओढला आणि मुखपृष्ठावर ठेवला. रंग तंतोतंत तोच.

"लोक हे विकत घेतात?" तिनं विचारलं.

"शांत वाटतं म्हणतात."

"वाटत असेल. वाचून झालं की त्यांना मिटून ठेवता येतं."

ती रागानं बोलली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर मेन रोड गाठला आणि डाळिंबी रंगाची साडी घेतली. मला सगळ्यांचा राग आला होता, नातेवाइकांचा, संपादकांचा, त्या मेल्या शेडकार्डाचाही. आईनं साडी उलगडली, खांद्यावर टाकली आणि आरशापुढे उभी राहिली. तिचा चेहरा खरंच पूर्वीसारखा दिसायला लागला. बोलले तर ती भानावर येईल अशी भीती वाटत होती. थोड्या वेळानं तिनं साडी खांद्यावरून काढली, दुकानातल्याच घड्यांवर नीट घडी घातली आणि पिशवीत सरकवली.

"रंग छान निवडलास," ती म्हणाली. "पावती ठेवलीयस ना?"