फनेलमधला कापूस

"करंट पुन्हा पडला," मॅडम म्हणाल्या. "विहीर सील करावी लागेल."

नव्वदच्या पुढची सालं. आदिलाबादला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी अटेंडर होतो. शिक्षण चौथी. पण इलेक्ट्रोड माझ्या हातचा. ग्रॅफाइटची भुकटी पॅराफिन तेलात खलायची, काचेच्या नळीत ठासायची, तोंड कागदावर घासून गुळगुळीत करायचं. त्यावर मॅडम एन्झाइमचा थेंब ठेवत. एन्झाइम काम करतं तोवर मीटरवर करंट दिसतो. पाण्यात फवारणीचं औषध असलं की एन्झाइम मलूल पडतं, करंटही पडतो. एवढंच.

विहीर भीमपूरकडची, माझ्या सासुरवाडीची. तिला टाळं लागलं तर बायांना नाल्यावरून पाणी आणावं लागणार, दोन कोस. माझी बायको गिरजा सकाळीच म्हणाली होती, "त्या पान्यानं कोनी मेलं नाही. तुमची नळीच खोटं बोलून राह्यली."

मला लागलं ते.

तीन नवे इलेक्ट्रोड केले. विहिरीच्या पाण्यात तिन्हींचा करंट पडला. डिस्टिल्ड पाण्यात तिन्ही ठणठणीत. म्हणजे नळी खरी. मग पाणी टेबलावर येईपर्यंत मी त्याला काय काय करतो, ते आठवलं. विहिरीचं पाणी गढूळ, म्हणून फनेलमध्ये कापसाचा बोळा घालून गाळायचो. डिस्टिल्ड गाळत नव्हतो. लॅबचा कापूस संपलेला, तर मी घरचाच आणला होता. आमच्या शेतातला, गिरजानं सरकी काढून दिलेला.

"साहेब, डिस्टिल्ड पाणीबी त्याच कापसातून गाळू द्या."

साहेब हैदराबादचे. "तुम अटेंडर हो. रिपोर्ट पे साइन करना है।"

"पाच मिनिटं. नाही निघालं तं मलेच सील करा."

"गाळा, मामा," मॅडम म्हणाल्या.

गाळलं. करंट धाडकन खाली.

मग मॅडमनी विहिरीचं पाणी नुसतं निवळू दिलं, वरचं घेतलं. करंट जागचा हलला नाही. विहीर उघडी राहिली. मला मेमो मिळाला, न विचारता कापूस आणला म्हणून. बरोबरच होता.

घरी येऊन म्हटलं, "नळी खोटी नव्हती. तुझा कापूस खोटा निघाला."

ती ओटीत तोच कापूस घेऊन वाती वळत होती. "माहा काऊन? त्याच्यावर फवारा कोनी मारला व्हता?"

मी ओटी रिकामी करून घेतली आणि तिला हात धुवायला लावले.

पाण्याला नाव ठेवण्याआधी आपण त्यात काय घातलं ते पाहावं, इतकं मी नोकरीत शिकलो. गिरजा जाऊन दोन वर्षं झाली. तिला तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. फवारा मीच मारला होता.