दाबून बघा, राव

पिंपळवंडीतल्या माझ्या शेजाऱ्याचं हृदय अशक्त झालंय. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या, मीठ-पाणी बेतानं घ्या, पाय सुजले, दाबल्यावर खड्डा पडला तर लगेच या. तेव्हापासून हा माणूस दिसेल त्याच्यापुढे पाय करतो. "दाबून बघा, राव, खड्डा पडतो का?" चहाच्या टपरीवर विचारतो, मयतीलासुद्धा विचारतो.

परवा मी टोमॅटोचे क्रेट गाडीत भरत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. "लगेच या, आता काय खरं न्हाई." मजुरांना तसंच सोडून धावलो. हा ओट्यावर पाय पसरून बसलेला. मी दाबून बघितलं. खड्डा नाही, सूज नाही, काही नाही.

मी भडकलो. "अहो, वहिनी घरात आहेत ना? त्यांना दाखवायचं!"

"ती पाय बघायच्या आधीच रडाया लागती," तो हळूच म्हणाला. "मग वाटतं, आता सपलं. तुमी चिडता, तवा जरा धीर येतो. मरणाऱ्या माणसावर कुणी असं खेकसत न्हाई."

मी उठायला लागलो, तर त्यानं घाईघाईनं लेंगा वर ओढला.

"थांबा की, ह्यो दुसरा राहिला."